पहिली नजर कुणाची?

रेडिओलॉजिस्ट घडवणं आता थांबवा, पाच वर्षांत यंत्रं त्यांच्यापेक्षा सरस होतील, असं कृत्रिम बुद्धिमत्तेचे संशोधक जेफ्री हिंटन २०१६ मध्ये टोरंटोत म्हणाले होते. पुढे २०२४ मध्ये त्यांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. पाच वर्षांचा त्यांचा हिशेब मात्र चुकला. आजही नीट-पीजीत वरचे क्रमांक मिळवणारी मुलं रेडिओलॉजीच मागतात आणि त्यांतली काही दरवर्षी माझ्या हाताखाली शिकायला येतात. ‘मॅडम, आमच्या नोकऱ्या राहतील ना?’ हा त्यांचा नेहमीचा प्रश्न. राहतील, असं मी त्यांना सांगते. मला काळजी आहे ती या मुलांची नजर तयार कशी होणार याची.

यंत्राच्या बाजूने जे बोलायला हवं ते आधी बोलते, कारण ते मनापासून पटलेलं आहे. जगातल्या क्षयरोग्यांपैकी साधारण एक चतुर्थांश भारतात आहेत. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय पाहणीत दिसलं, की छातीचा एक्स-रे काढला नसता तर सुमारे ४३ टक्के रुग्ण निसटले असते. खोकला नाही, ताप नाही आणि फुप्फुसात मात्र डाग. असा माणूस आपल्या पायाने दवाखान्यात येत नाही, त्याच्यापर्यंत एक्स-रे न्यावा लागतो. हातात मावणारी एक्स-रे यंत्रं आता पाड्यापर्यंत पोचतात, पण तिथे फिल्म वाचायला रेडिओलॉजिस्ट कुठून आणायचा? जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये पंधरा वर्षांवरच्या व्यक्तींच्या क्षय-तपासणीत डॉक्टरऐवजी संगणकाने एक्स-रे वाचायला मान्यता दिली. संगणकाने संशय दाखवला की थुंकीची तपासणी होते, निदान तिथे पक्कं होतं. जिथे कुणीच पाहत नव्हतं तिथे कुणीतरी पाहू लागलं. याला विरोध करणाऱ्या सहकाऱ्यांशी मी भांडले आहे आणि पुढेही भांडेन.

स्वीडनमधल्या ८० हजार स्त्रियांच्या मॅमोग्राफी चाचणीने तर मोठ्या शहरांतल्या डॉक्टरांनाही विचार करायला लावला. तिथे प्रत्येक मॅमोग्राम दोन डॉक्टर वाचतात. यंत्राच्या मदतीने वाचनाचं काम ४४ टक्क्यांनी घटलं आणि कर्करोग सापडण्याचं प्रमाण कमी झालं नाही.

मग अडचण कुठे आहे? ती शिकवण्याच्या खोलीत आहे.

नवा रेसिडेंट येतो तेव्हा त्याला रोग ओळखायला शिकवणं तुलनेने सोपं असतं. अवघड असतं ते नॉर्मल ओळखणं. हासळीच्या हाडामागचा कोपरा, हृदयाच्या सावलीआड दडलेला फुप्फुसाचा भाग, डायफ्रॅमच्या खाली उतरलेली कड, या जागा चकवतात. फ्रॅक्चर सापडलं की डोळा समाधान पावतो आणि शेजारची गाठ राहून जाते, हेही मुलाला कळावं लागतं. सांगून ते येत नाही. हजारो साधे, कंटाळवाणे, निरोगी एक्स-रे पाहून डोळ्यात एक घडी बसते. मग कधीतरी एखादी फिल्म पाहताना काय बिघडलंय ते सांगता येत नाही, पण काहीतरी बिघडलंय एवढं जाणवतं. तिथून खरा रेडिओलॉजिस्ट सुरू होतो.

आणि यंत्राकडे सर्वांत आधी जाणार आहे ते नेमकं हेच काम. लिथुआनियातल्या एका कंपनीच्या प्रणालीला २०२२ मध्ये युरोपात परवानगी मिळाली: एक्स-रे निरोगी असल्याची खात्री वाटली तर ती डॉक्टरविना स्वतः रिपोर्ट देऊ शकते. व्यवस्थापनाच्या नजरेने पाहिलं तर यात फायदाच आहे, सोपं काम यंत्राला आणि अवघड काम तज्ज्ञाला. पण सोप्या कामातून गेल्याशिवाय तज्ज्ञ होतो कसा?

जर्मनीत २०२३ मध्ये २७ रेडिओलॉजिस्टांना मॅमोग्राम वाचायला दिले आणि काही ठिकाणी यंत्राचा सल्ला मुद्दाम चुकीचा दाखवला. सल्ला बरोबर असताना नवख्यांची जवळपास ८० टक्के उत्तरं बरोबर होती, चुकीचा सल्ला दिसताच ती २० टक्क्यांवर आली. मुरलेले डॉक्टरही घसरले, पण ४५ टक्क्यांच्या आसपास टिकले. म्हणजे यंत्राला ‘नाही’ म्हणण्याचं बळ अनुभवातून येतं. दुसरीकडे पोलंडमध्ये, दोन हजारांहून अधिक कोलोनोस्कोपी केलेल्या डॉक्टरांना यंत्राची सोबत मिळू लागली. त्यानंतर यंत्राविना केलेल्या तपासण्यांत आतड्यातल्या ॲडिनोमा गाठी सापडण्याचं प्रमाण २८.४ टक्क्यांवरून २२.४ वर आलं. हा एकच अभ्यास आहे आणि त्यात इतर कारणांचाही हात असू शकतो. तरी मी तो गंभीरपणे घेते. कमावलेली नजरसुद्धा वापराविना बोथट होत असेल, तर जी अजून कमावलीच नाही तिचं काय?

हे माझ्या शाखेपुरतं नाही. नव्या वकिलाने जुन्या निकालांच्या फायली चाळायच्या, सीए होऊ पाहणाऱ्या मुलीने आर्टिकलशिपमध्ये व्हाउचर तपासायची, उपसंपादकाने बातमीतलं ऱ्हस्व-दीर्घ बघायचं. प्रत्येक व्यवसाय आपल्या उमेदवाराला अशाच हलक्या कामांवर वाढवत आला. ही कामं यंत्राने केली तर आजच्या ज्येष्ठांचा वेळ वाचेल. पंधरा वर्षांनी ते निवृत्त होतील तेव्हा यंत्राची चूक पकडणारा माणूस कुठे असेल, याचं उत्तर आज कुणीही देत नाही, कारण तो खर्च कुणाच्याच या वर्षीच्या ताळेबंदात दिसत नाही.

म्हणून आमच्या विभागात मी क्रम ठरवून दिला आहे. रेसिडेंटने एक्स-रे आधी स्वतः वाचायचा, मत लिहायचं, सही करायची. त्यानंतरच यंत्राची खूण उघडायची. जिथे दोघांचं जुळत नाही त्या फिल्म आठवड्यातून एकदा सगळ्यांसमोर लावतो. जुने एक्स-रे काढतो, सीटी असेल तर पाहतो, वॉर्डात फोन करून रुग्णाला पुन्हा विचारतो. कधी मूल बरोबर निघतं, कधी यंत्र. तासाला किती रिपोर्ट झाले या हिशेबात ती दुपार वाया जाते. मला ती शिकवण्याची सर्वांत मोलाची वेळ वाटते. पीजीच्या लॉगबुकात किती केसेस पाहिल्या याची नोंद असते. त्यांतल्या किती यंत्राचं मत दिसण्याआधी वाचल्या, असा एक रकाना त्यात यावा, ही माझी मागणी आहे. तो रकाना भरण्यासाठी रेसिडेंटला लागणारा जादा वेळ रुग्णालयांनी कामाचा वेळ म्हणून धरावा, हीसुद्धा.