जीभ दाखव बरं!

शाळेत जीभ दाखवणाऱ्या पोरांना मी जन्मभर दटावलं. परवा सर्जनसाहेबांनी मात्र नातीला मुद्दाम जीभ बाहेर काढायला लावली, आणि तिच्या गळ्यावर मधोमध असलेली बोराएवढी गाठ चक्क वर सरकली!

गर्भात थायरॉईड ग्रंथी जिभेच्या मुळापासून गळ्यात उतरते; ती वाट बुजायची राहिली, की अशी गाठ होऊ शकते. आधी सोनोग्राफी करतात, कारण क्वचित ती गाठ म्हणजेच मुलाची एकमेव थायरॉईड असते. (नातीची जागेवर आहे. हुश्श!) लेप सुचवणाऱ्या शेजारणींना हे कोण सांगणार?

नुसती गाठ काढली तर बरेचदा पुन्हा येते. म्हणून हायॉईड हाडाचा मधला तुकडाही काढतात. सिस्ट्रंक या अमेरिकन सर्जनने १९२० साली ही रीत मांडली.

"हाड कापणार?" सूनबाई रडवेली झाली. कागदावर चित्र काढून तिला समजावलं. बुधवारी ऑपरेशन आहे.