दाद मागावयाची कोठे

नांदेडच्या न्यायालयात वकिली करताना आणि लातूरकडील अर्जदार स्त्रियांचे कागद तयार करताना मला एक सवय जडली आहे : हक्कांची कोणतीही सनद हाती आली, की तिच्या उदात्त प्रस्तावनेत न रमता मी शेवटच्या कलमांकडे वळते आणि हा हक्क मोडला गेला तर दाद कोणाकडे व किती मुदतीत मागावयाची, हे आधी पाहते. या रुक्ष वाचनरीतीनेच मला हंसा मेहतांपर्यंत नेले.

सुरतेत १८९७ साली जन्मलेल्या आणि १९४६ मध्ये महर्षी कर्व्यांच्या महिला विद्यापीठाच्या कुलगुरू झालेल्या हंसाबाई संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगावर भारताच्या प्रतिनिधी होत्या. मानवी हक्कांच्या सार्वत्रिक जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमातील ‘सर्व पुरुष’ जाऊन ‘सर्व मानव’ आले ते त्यांच्या आग्रहामुळे, ही त्यांची कीर्ती सार्थच आहे. पण माझ्या मते ते त्यांच्या कामाचे लहान अर्धुक होय. आयोगाला कोणत्याही तक्रारीवर काहीही करण्याचा अधिकार नाही, असा निर्वाळा १९४७ मध्ये खुद्द आयोगानेच दिला असताना, त्याच वर्षीच्या डिसेंबरात जिनिव्हा येथे अंमलबजावणीचा विचार करणारा जो गट हंसाबाईंच्या अध्यक्षतेखाली बसला, त्याने सामान्य व्यक्तीलाही अर्ज करता यावा आणि मानवी हक्कांचे आंतरराष्ट्रीय न्यायालय असावे, अशी शिफारस केली. ज्यांच्याविरुद्ध फिर्यादी व्हावयाच्या त्यांच्याच मुखत्यारांनी भरलेल्या दालनात फिर्यादीसाठी दरवाजा मागावयाचा, आणि तोही स्वतः एका सरकारची प्रतिनिधी असताना, याला केवळ धैर्य पुरत नाही; मसुद्याचे कसब लागते.

ती शिफारस मागे पडली. तिची किंमत आम्हा मराठवाड्याच्या लोकांना विशेष कळावी, कारण १९४८ च्या ऑगस्टात, आमचा मुलूख ज्याच्या अमलाखाली होता त्या निजामाच्या सरकारने भारताविरुद्ध सुरक्षा परिषदेकडे तक्रार गुदरली आणि १६ सप्टेंबरला, पोलीस कारवाई संपण्याच्या आदल्या दिवशी, पॅरिसमध्ये ती चर्चेस आली. परिषदेला हा अधिकारच नाही, अशी भारताची भूमिका होती. तो वाद बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरते : निजामाला तक्रार नेण्यास निदान एक दार होते, रझाकारांच्या सशस्त्र दलाने छळलेल्या नांदेड-लातूरच्या रयतेला ते नव्हते.

त्याच वर्षी ९ डिसेंबरला, न्यायालयाकडे दाद मागण्याचा हक्क देणारे कलम हाच राज्यघटनेचा आत्मा होय, असे डॉ. आंबेडकरांनी घटना समितीत सांगितले; दुसऱ्याच दिवशी पॅरिसमध्ये जाहीरनामा ४८ मतांनी, विरोधी मत न पडता, मंजूर झाला, पण त्याच्या आठव्या कलमाने दिलेली दाद ज्या त्या देशाच्या न्यायालयापुरती होती; तिच्यापलीकडे फिर्याद नेण्यास आंतरराष्ट्रीय दार त्यात नव्हते. मूलभूत हक्कांच्या उपसमितीत आंबेडकरांसह बसलेल्या हंसाबाईंना हा भेद टोचला असेल.

दाद मागण्याच्या हक्काचा हा प्रवाह आमच्या जिल्ह्यांपर्यंत पोहोचला तो बराच वळसा घेऊन. स्त्रियांविषयीचा भेदभाव नष्ट करण्याचा १९७९ चा करार भारताने १९९३ मध्ये कायम केला, कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविषयीच्या १९९७ च्या विशाखा निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्या कराराचा आधार घेतला, आणि त्याच विषयावरील २०१३ च्या कायद्याने जिल्ह्याजिल्ह्यांत तक्रारी ऐकणारी स्थानिक समिती आली. डाळीच्या गिरणीतली बाई सांगू लागते ती कित्येक वर्षांची सल. मला मात्र शेवटच्या घटनेपासून तक्रारीच्या मुदतीचे तीन महिने मोजावयाचे असतात, म्हणून पोळ्याच्या आधी की नंतर, आठवड्याच्या बाजारादिवशी की दुसऱ्या दिवशी, असे विचारीत तिच्या तोंडून तारीख काढावी लागते. तेवढ्यात मालकाकडचा कोणी वडीलधारा येतो आणि ‘वकीलबाई, चार पैसे देऊन मिटवू’ म्हणतो. समेट केवळ तक्रारदार स्त्रीने मागितला तरच होतो आणि पैशाच्या तडजोडीवर तो उभारता येत नाही, हे त्याचा मान राखून, चहा देऊन, पण एक अक्षरही न सोडता सांगणे, हीच आमच्या तालुक्याची मुत्सद्देगिरी.

एका प्रकरणात निकाल उलट गेला तेव्हा माझ्या हाताखालच्या तरुण वकील मुलीने विचारले, ‘बाई, जिनिव्हाकडे नेता येईल का हो?’ नाही म्हणावे लागले. स्त्रियांविषयीच्या १९७९ च्या त्या कराराला जोडलेला, वैयक्तिक तक्रारीची मुभा देणारा १९९९ चा पूरक करार भारताने स्वीकारलेला नाही. मग अपिलाचे नव्वद दिवस कोणत्या तारखेला संपतात ते आम्ही दोघींनी काढले आणि निकालाच्या नकलेसाठी अर्ज लिहावयास घेतला.