ढकलणारे तीन शब्द

आमच्या बी.ए.च्या वर्गात डिचोली आणि पेडण्याची मुले एकाच बाकावर बसतात. इंग्रजीच्या तासाला 'कम्पेल', 'इम्पेल' आणि 'प्रोपेल' आले की ती तिन्हींपुढे एकच अर्थ लिहितात : ढकलणे. तसे ते चूक नाही. तिघांचेही मूळ लॅटिनमधले 'पेल्लेरे', म्हणजे ढकलणेच. फरक आहे तो कोण ढकलतो, यात.

मी उदाहरणे इथलीच देतो. मांडवीतून खनिज नेणाऱ्या बार्जला मागचा पंखा पुढे रेटतो, ते 'प्रोपेल'. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार मार्च २०१८ मध्ये खाणी थांबल्या आणि डिचोलीतल्या ट्रकवाल्यांना दुसरा धंदा बघणे भाग पडले, ते 'कम्पेल'. जानेवारी २०२३ पासून पेडण्यातल्या मोपा विमानतळावर विमाने उतरू लागली. ती बघून एखाद्या मुलीला आतूनच वैमानिक व्हावेसे वाटले, तर ते 'इम्पेल'.

तुमच्या घरात कन्नडही बोलत असतील, तर हे लगेच पटेल. 'ओत्ताय' निराळे आणि 'प्रेरणे' निराळे; मराठीत सक्ती आणि प्रेरणा.

बारावीचा निकाल लागला की पालक मुलांना घेऊन प्रवेशासाठी येतात. "आम्ही फक्त प्रेरणा देतो हो सर," म्हणतात. शेजारचे पोर मात्र फॉर्मवर विषय लिहिण्याआधी बापाच्या तोंडाकडे बघते. अशा वेळी मी पालकांना चहाला पाठवतो आणि मुलालाच विचारतो. घरीही एकदा असे विचारून बघावे.