खात्यातली टाळी

भिवंडीत यंत्रमागाच्या खात्यात थोडे दिवस काढले की माणसाला ओठ वाचता येऊ लागतात. तीसेक माग एकदम चालू असले की कानाशी तोंड नेऊन ओरडलं तरी अर्धंच ऐकू येतं. म्हणून कारागीर हातांनीच बोलतात. बीम संपलं, शेठ आला, चहा आला, सगळ्याच्या खुणा ठरलेल्या. माझे वडील अशाच एका खात्यात मेहता, म्हणजे हिशेबनीस, होते आणि सुट्टीत त्यांचा डबा पोचवायचं काम माझ्याकडे असे. त्या खुणांच्या भाषेतली पहिली शिवी मी तिथेच शिकलो. तिला शब्द नव्हता. बोटं फाकवून तळव्यावर तळवा आडवा मारायचा, बस. चपटी टाळी.

ती असायची कांड्या भरणाऱ्या एका पोरासाठी. सतरा-अठरा वर्षांचा असेल, उत्तर प्रदेशातून आलेला. केसांना तेल, नीट भांग, चालताना कंबर जराशी लचकायची. सगळे त्याला मौसी म्हणत. कांड्यांची टोपली घेऊन तो मागांच्या मधल्या बोळातून निघाला की या टोकापासून त्या टोकापर्यंत टाळ्या पडत जायच्या. ऐकू काहीच यायचं नाही, नुसते हात दिसायचे. 1986 च्या मे महिन्यात एकदा मीही वाजवली. त्याने माझ्याकडे पाहिलं, टोपली या कमरेवरून त्या कमरेवर घेतली आणि पुढे गेला.

गंमत अशी की ही टाळी आमची नव्हेच. आळीत बाळ जन्मलं की हिजडे दारात येऊन हीच टाळी वाजवत. तेव्हा आजी लगबगीने सुपात तांदूळ घेऊन बाहेर जायची, बाळाला त्यांच्या हातात द्यायची.

15 एप्रिल 2014 ला सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांच्या हक्कांचा निकाल दिला. त्याबद्दल वाचताना मी थेट त्या बोळात जाऊन पोचलो. पेहराव, बोलणं, वागणं यांतून माणूस आपली लिंगओळख दाखवतो तीसुद्धा घटनेच्या कलम 19(1)(क) मधली अभिव्यक्तीच आहे, असं न्यायालयाने म्हटलं होतं. म्हणजे त्या पोराची चाल हेच त्याचं भाषण होतं, आणि आम्ही सगळे मिळून ते बंद पाडत होतो. आता कोणी म्हणेल, टाळी हीही अभिव्यक्तीच. म्हणू दे. पण तीस टाळ्यांसमोर एक चाल, हा हिशेब वकिलाला नाही तरी मेहत्याच्या मुलाला दिसायला हवा होता.

आमच्या गावाने शब्दांची धास्ती घेतली ती उगाच नाही. 7 मे 1970 ला शिवजयंतीच्या मिरवणुकीत हिंदू-मुस्लिम दंगल पेटली, तिच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती मादन आयोग बसला. 1984 च्या मे महिन्यात गाव पुन्हा जळालं. घोषणा आणि अफवा काय करू शकतात हे इथे कुणाला शिकवावं लागत नाही. पुढे पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडेंनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. दोन्हीकडची माणसं एका सतरंजीवर बसू लागली, अफवा आली की एकमेकांना विचारू लागली, आणि 1992-93 मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. हे सांगताना अजूनही आमची छाती फुगते. त्या सतरंजीवर मौसीला मात्र कोणी बोलावलं नसतं. द्वेषाविरुद्ध बसलेल्या माणसांतही ती टाळी चालून गेली असती.

मग घाला की बंदी असल्या शब्दांवर! बरीच वर्षं मला असंच वाटायचं. पण र. धों. कर्वे आड आले. 1927 ला सुरू केलेलं ‘समाजस्वास्थ्य’ मासिक त्यांनी 1953 मध्ये जाईपर्यंत जवळजवळ एकट्याने रेटलं. 1934 च्या खटल्यात त्यातलं अश्लील काय ठरलं? वाचकांनी हस्तमैथुनाबद्दल, समलिंगी संबंधांबद्दल विचारलेले प्रश्न आणि त्यांना दिलेली सरळ उत्तरं. कर्व्यांच्या बाजूने डॉ. आंबेडकर उभे राहिले. खटला हरले, कर्व्यांना दंड झाला. मला कर्व्यांपेक्षा तो प्रश्न धाडणारा वाचकच आठवत राहतो. समलिंगी संबंधांना गुन्हा मानणाऱ्या कलम 377 खाली तो गुन्हेगार ठरू शकत होता, तरी त्याने पत्र लिहिलं. तोंड बंद करणारा कायदा पहिला त्याच्याच पत्रावर येऊन पडला.

377 चा तो फास 6 सप्टेंबर 2018 ला सुटला. द्वेष पसरवणाऱ्या बोलण्याविरुद्धचं दंड संहितेतलं जुनं कलम 153अ आता भारतीय न्याय संहितेत 196 झालंय. त्यात धर्म, वंश, भाषा, जात यांची नावं आहेत. लैंगिक कल ‘अन्य कोणत्याही कारणावरून’ या शेपटात शोधावा लागतो. 2019 च्या कायद्याने तृतीयपंथीयांना शाब्दिक छळाविरुद्ध दाद दिली, शिक्षा सहा महिने ते दोन वर्षं. पण नुसत्या चालीवरून टाळ्या खाणाऱ्या पोराने कुठल्या दाराशी जायचं? राहुल गांधींच्या 2014 मधल्या सोनाळ्याच्या भाषणावरून एका संघटनेच्या बदनामीचा खटला भिवंडीच्याच कोर्टात उभा राहिला, तारखांवर तारखा पडल्या. संघटनेच्या अब्रूसाठी वकील मिळतो. कांडीवाल्याच्या अब्रूसाठी कोण वकीलपत्र घेणार?

तरीही त्या कारागिरांना कोठडीत टाका असं मी म्हणणार नाही. पाळी संपली की मागाशेजारीच पाठ टेकणारी माणसं ती. पोलिसांनी उचललं असतं ते आधी त्यांनाच. माईकवरून ‘यांना मोहल्ल्यातून हाकला’ म्हणणाऱ्याला धरा, ती धमकी आहे, तिथे माझा घोळ नाही. टाळीला मुकादमाचा एक वर केलेला हात पुरला असता. किंवा बाबांचा. काचेच्या केबिनमधून त्यांना सगळं खातं दिसायचं. त्यांनी कधी टाळी वाजवली नाही, आणि थांबवलीही नाही.

आता ते माग किलोच्या भावाने भंगारात गेलेत. खातं रिकामं करताना बाबांच्या पगाराच्या वह्या घरी आणल्या. 1986 ची काढून पाहिली. इतर सगळ्यांची नावं आडनावांसकट होती. एका ओळीत बाबांच्या त्या सुबक, वळणदार अक्षरात नुसतं ‘मौसी’ लिहिलेलं, पुढे पंधरवड्याची रक्कम. शेवटच्या रकान्यात बहुतेकांचे अंगठे. या ओळीत सही होती. हिंदीत, एकेक अक्षर दाबून काढलेलं, चौकटीबाहेर गेलेलं पूर्ण नाव. त्याचं, त्याच्या वडिलांचं, शेवटी गावाचं.

मी ते दोनदा मोठ्याने वाचलं. इथे लिहीत नाही. त्याला विचारलेलं नाही.