अर्थसीतली ओसरती जादू

अर्सुला ले ग्विन यांची अर्थसी ही बेटांची दुनिया मनात घोळत राहते, ती तिथल्या जादूपेक्षा त्या जादूच्या ओसरण्यामुळे. 1968च्या ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’त वस्तूचं खरं नाव कळलं की तिच्यावर सत्ता चालते. तिचा नायक, जादूगार गेड, गर्वापायी एक सावली मोकळी सोडतो आणि अखेरीस तिला स्वतःचंच नाव देतो. निवेदन पुराणकथेसारखं, दूरस्थ. 1972च्या ‘द फार्देस्ट शोअर’मध्ये तो सगळं सामर्थ्य खर्चून रिता होतो. मग 18 वर्षांनी ‘तेहानू’ येते. तिच्यात शेळ्या, स्वयंपाक, विधवा तेनार, भाजलेली एक पोर आणि जादू गमावल्याची लाज वाटणारा गेड. सूर घरगुती होतो, आणि भीतीही माणसांचीच.

लेखिकेने नंतरच्या स्त्रीवादी विचारांपायी आपलंच जग मोडलं, असा आक्षेप घेतला जातो. विचार बदलले होते, हे खरंच. पण ‘मोडलं’ हे मला पटत नाही. 1971च्या ‘द टूम्ब्ज ऑफ अ‍ॅटुअन’मध्येच गेडची बरीचशी शक्ती अंधारातल्या सत्तांना थोपवण्यात खर्ची पडते, त्याला पाणी देते आणि भुयारातली वाट दाखवते ती हीच तेनार. जादू अपुरी पडते, हे तिथेच सांगून झालं होतं. शिवाय प्रत्येक मंत्राची किंमत असते, हा नियम तर पहिल्याच पुस्तकातला. ‘तेहानू’ काही ठिकाणी बोधाकडे झुकते, हे मान्य. तरी मालिकेतलं सर्वांत धाडसी पुस्तक तेच.