आईची एंट्री

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. मराठीत लिहायचं म्हटलं की घाम फुटतो, तेव्हा शुद्धलेखन सांभाळून घ्या!

माझी आई नागभीडला एका दवाखान्यात नर्स आहे. टेंपरेचर, बीपी, दिलेलं इंजेक्शन, सगळं आधी रजिस्टरमध्ये आणि मग कॉम्प्युटरवर. रात्री लाइन गेली की कॉम्प्युटरची एंट्री सकाळी. शाळेत असताना मी तिच्या नोट्समधल्या इंग्लिशला हसायचो. 'पेशंट इज हॅविंग व्हॉमिट'! ती म्हणायची, "चुका काढ बापा, पण समोरचा टाइम बी पाह्य."

तिसऱ्या वर्षी मिनी प्रोजेक्टसाठी मी नर्सिंग नोट्सचं सॉफ्टवेअर करायला घेतलं. टिक करा, सेव्ह करा, वेळ कॉम्प्युटर आपोआप घेणार. दिवाळीत घरी मोठ्या ऐटीत दाखवलं. आईने शांतपणे विचारलं, "रात्री २ वाजता बीपी वाढलं. मी पेशंटजवळच होती. टाइप केलं सकाळी ६ ला. तुझा कॉम्प्युटर काय सांगंल?"

सहा! म्हणजे चार तास पेशंटकडे कुणी फिरकलंच नाही. नर्सिंगमध्ये तर लिहिलं नाही म्हणजे केलंच नाही.

"अन् हे 'नॉर्मल' आधीच टिक करून काहून ठेवलं? न पाहताच नॉर्मल?"

माझी बोलतीच बंद.

नंतर वाचलं, फ्लॉरेन्स नाइटिंगेलने सगळ्या हॉस्पिटलांच्या नोंदी एकसारख्या असाव्यात असा प्रस्ताव १८६० मध्येच मांडला होता. आणि आपल्या शेजारच्या गडचिरोलीत गावातल्या कमी शिकलेल्या बायांनी नवजात बाळांच्या नोंदी घरोघरी जाऊन ठेवल्या. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च'चं ते काम १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. तिथेही कुणी इंग्लिश तपासलं नसेल. नोंद खरी आहे का, एवढंच पाहिलं असेल.

मी प्रोग्राम बदलला. घडल्याची वेळ वेगळी, नोंदवल्याची वेगळी. 'नॉर्मल'ची आधीची टिक काढली आणि 'तपासलं नाही' हा पर्याय टाकला. व्हायवात एक्स्टर्नल म्हणाले, "एकाच नोंदीला दोन वेळा कशाला?" मी आईची रात्र सांगितली. मार्क विचारू नका!

आता सुट्टीत घरी गेलो की तिच्या इंग्लिशच्या चुका काढत नाही. आधी टाइम पाहतो.