शिशाचा तुकडा

आमचे अण्णा मालट्रक चालवतात. घर उमरग्याला, सोलापूर-हैदराबाद रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत गाडी साठच्या पुढे गेली की स्टिअरिंग थरथरू लागले.

"चाक बॅलन्सिंगला टाकू या," मी म्हणाले.

"अगं, त्याला पैसे कशाला? हात हायत की मला," अण्णा म्हणाले. माझी परीक्षेची फी तोंडावर आली होती, हे त्यांनी बोलून दाखवले नाही.

अंगणात पुढचे चाक जॅकवर उचलले. ब्रेक सैल केला. (मागची जोडचाके इंजिनाच्या दांड्याला जोडलेली, ती अशी मोकळी फिरत नाहीत.) चाक हलकेच फिरवले की डुलत डुलत थांबे आणि जड बाजू दरवेळी खाली येई. तिथे मी खडूने खूण करी. अण्णा बरोबर समोर, वरच्या अंगाला, रिमवर शिशाचा तुकडा ठोकत. पुन्हा फिरवायचे. खूण हवी तिथे थांबू लागली तेव्हा ऊन उतरले होते. गुरुत्वाकर्षण मी शाळेत पाठ केले होते, पाहिले त्या दिवशी.

नळदुर्गपर्यंत जाऊन आलो. थरथर कमी झाली होती, गेली नव्हती.

शेवटी दुकानच गाठले. कारागीर म्हणाला, "वरखालचा तोल बरोबर साधलाय तुम्ही. पण टायर रुंद. आतली बाजू जड असली तर चाक पळताना आडवं हिसडतं. ते मशीनवरच कळतं." त्याने आतून एक, बाहेरून एक अशी दोन वजने लावली.

अण्णांनी घासाघीस न करता पैसे मोजले. आपला काढलेला तुकडा मात्र मागून घेतला.

फी मी दंडासह भरली.